माझी साखळी, त्यांचा सेमिनार

३ फेब्रुवारी, सकाळी ७
शोध लागला. स्पिन म्हणजे इवलेसे चुंबक, तोंड वर नाहीतर खाली. कॉम्प्युटरमध्ये हजार एका ओळीत उभे केले. थोडी ऊब असूनही सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पुस्तकं म्हणतात, अशक्य. पुस्तकं बदलावी लागतील. कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय.

५ फेब्रुवारी
पेपर लिहायला घेतला. शीर्षक झालं, आभार झाले. मधलं राहिलंय. स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलावरचे सर (टक्कल, गोड बोलणं) दोनदा डोकावले. पेपर आणि प्रोग्रामच्या फाइलला पासवर्ड घातला. विसरू नये म्हणून बायकोकडे दिला.

९ फेब्रुवारी
नोटीस बोर्ड: शुक्रवारी शेजारच्या सरांचा सेमिनार, विषय 'स्पिनची साखळी'. वीस वर्षं एका किटलीतला चहा प्यायलो. ज्याला केस नाहीत त्याने केसाने गळा कापला.

१० फेब्रुवारी
भर सेमिनारमध्ये जाब विचारणार. आरशासमोर प्रॅक्टिस. बायको म्हणाली, आधी शांतपणे ऐकून तर घ्या. घरातही शास्त्राची कदर नाही.

१३ फेब्रुवारी, दुपार
पहिल्या रांगेत बसलो. सरांनी दहा बाण काढले, मध्ये एक रेघ. रेघेपुढचे सगळे उलटवा म्हणाले, शेजाऱ्याशी तोंड न जुळण्याचं भांडण फक्त त्या एका सांध्यावर. आणि सांधा कुठेही पडू शकतो. म्हणून जराशी ऊब असली की लांब साखळी कुठेतरी मोडतेच. टिकते फक्त शून्य तापमानाला. पुढे म्हणाले, प्रोग्रामने अपूर्णांक उडवला तर अर्धा लिहिलेल्या तापमानाचं शून्य होतं, चांगले चांगले फसतात. माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम. मागून एक विद्यार्थिनी म्हणाली, हे सेकंड इयरला शिकवलंय आम्हाला. मीच शिकवलंय.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
प्रोग्राम उघडला. तापमान शून्यच. पासवर्ड बायकोकडे, म्हणून तिला विचारलं. फाइल तिनेच सरांना दिली होती. म्हणाली, पेपर गेला असता तर लोक हसले असते. ते म्हणाले, नाव न घेता सांगतो. म्हणजे दोघांनी मिळून, माझ्या पाठीमागे. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१६ फेब्रुवारी
दोघांशी अबोला. एक गोष्ट इथेही लिहिली नव्हती. नोटीस वाचली त्याच दुपारी, ते पुढे जाऊ नयेत म्हणून, मधलं घाईघाईने भरून पेपर जर्नलला पाठवून दिला. आज उत्तर आलं. एकच ओळ: तापमान तपासून पाहावे.
बायकोने विचारलं, कुणाचा मेल. म्हटलं, जाहिरात आहे.