खंडेनवमीचा कॉम्प्युटर

अहो,

तो जुना कॉम्प्युटर काही झालं तरी चालू करू नका. आज खंडेनवमी, म्हणून पूजेसाठी मी तो उचलून पाटावर ठेवला. स्क्रीन काळा होता, मला वाटलं बंदच आहे. ठेवताना जरा आपटला. तेव्हापासून आतून टकटक यायला लागली. शशीभावजींनी फोनवर तो लगेच बंद करायला लावला, म्हणाले, आता चालू केला तर डिस्क पुरतीच जाईल. ते रीडिंग गावाहून गाडीने येतायत, त्यांना आणायला स्टेशनवर जातेय.

आई गेल्यावर त्यांचा आवाज तुम्ही दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलात का हो? भावजींना फोन करण्याआधी मी लावून पाहिला. "पुरू, जेवलास का" एवढंच ऐकू आलं, मग नुसती टकटक.

आमटी-भात झाकून ठेवलाय. आधी जेवून घ्या.

सुप्रभा