मी घरी नसताना

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र भांडणाचं आहे, आधीच सांगून ठेवतो. तीन आठवडे झाले, तू आमच्या घरी आली नाहीस. का आली नाहीस ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तू पुन्हा यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण त्याआधी माझं डोकं कशानं फिरलंय ते ऐकून घ्यावं लागेल.

मला सोडलंस, ठीक आहे. ठीक नाही, पण सोडलंस. कॉलेजच्या जिन्यात उभी राहून म्हणालीस, तुला सगळंच अर्धवट टाकायची खोड आहे, आज कॉलेज सोडलंस, उद्या मला सोडशील, त्यापेक्षा मीच सुटते. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, सूट. सरांशी भांडून कॉलेज सोडलं असं मी जगाला सांगतो. नापास व्हायच्या आत पळालो हे फक्त तुला ठाऊक, म्हणून तुझं बोलणं जास्तच झोंबलं. तेव्हापासून तुझी गल्ली टाळायला मी अख्ख्या बाजाराला वळसा घालून बाइंडिंगच्या दुकानात जातो आणि उशीर झाला म्हणून रोज मालकाच्या शिव्या खातो. आणि तू? तू दर मंगळवारी आमच्या स्वयंपाकघरात! मला सोडायचं आणि माझं घर ठेवून घ्यायचं, ही कुठली रीत?

आईकडून मला हे नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. माझी पुस्तकं परत करायला आलीस, मी दुकानात होतो. बाबांनी त्यांचं ते समुद्रावरचं जाडजूड पुस्तक तुझ्या हातात दिलं, म्हणाले, पोरी, एवढं एक पान वाच. जन्मभर घड्याळांची बारीक चाकं जुळवलेल्या माणसाला आता छापील ओळ म्हणजे नुसती राखाडी रेघ दिसते. एका पानाचं प्रकरण झालं आणि प्रकरणाचा मंगळवार झाला. मंगळवार हा आईचा पाव भाजायचा दिवस, म्हणून वाचून झालं की तू पीठ मळायला पुढे. आईचा खांदा धरलाय हे मला माहीत होतं. मग एवढं पीठ मळतं कोण, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. हा राग कोणावर काढू, सांग.

आणि त्या पावाची मी काय तारीफ करायचो! आई, आज वरचा पापुद्रा काय कुरकुरीत झालाय, आई, तुझा हात दिवसेंदिवस सुधारतोय. आई मान खाली घालून हसायची, धाकटी बहीण उठून आत जाऊन खोकायची. तीन महिने तुझ्या हातचं खाऊन मी तुझ्याच नावानं बोटं मोडत होतो. एकदा तर तिसरा तुकडा तोंडात असताना म्हटलं, त्या मास्तरीणबाईला साधा चहा तरी धड येतो का? त्या दिवशी धाकटीला पाणी द्यावं लागलं.

मग तो मंगळवार. दुकानातलं कागद कापायचं यंत्र अडकलं, मालकानं तीनलाच सोडलं. मागच्या फाटकातून आत डोकावलो तर अंगणात बाबा खुर्चीत, पायरीवर तू, आणि तुझ्या गुडघ्यावर ती तुटक्या शेपटीची खार, पावाचा काठ कुरतडत. त्या खारीला मी दोन वर्षं दाणे टाकतोय, हातभर अंतरात कधी आली नाही. तू वाचत होतीस. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचे ओठ तुझ्या आधी हलत होते, कारण पुस्तक त्यांना पाठ आहे. मला तू किती हवी आहेस हे मला तेव्हा, कुंपणाला टेकून, अगदी नको त्या वेळी कळलं.

दुसऱ्या कोणाचं मन भरून आलं असतं. माझं टाळकं सटकलं. तू निघेपर्यंत बाहेर थांबलो आणि फाटकाशी गाठून नाही नाही ते बोललो. माझ्याच घरात शिरून मला एकटं पाडतेस म्हटलं. डोळ्यांनी अधू माणसाची कीव करून पुण्य कमावतेस म्हटलं. हे खोटं आहे हे बोलतानाच कळत होतं. एरवी माझा शब्द न् शब्द दुरुस्त करणारी तू, तेव्हा एकही दुरुस्त केला नाहीस. फाटकसुद्धा आवाज न करता लावलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी आईनं एकटीनं पीठ मळलं. पाव विटेसारखा बसला, आम्ही मुकाट्यानं खाल्ला. वाचायला मी बसलो. एकोणिसावं प्रकरण, जहाज वादळात. दोन पानांत बाबा म्हणाले, तू वाचतोयस की भांडतोयस? आणि मधली वर्णनं गाळू नकोस, मला कळतं. मग धाकटी बसली, तर तिचा प्रत्येक खलाशी मांजराच्या आवाजात बोलायला लागला. बाबांनी खूण घालून पुस्तक बाजूला ठेवलं. त्यांच्या घड्याळांच्या दुकानात नियम होता, एकानं उघडलेलं घड्याळ दुसऱ्यानं मिटायचं नाही. पुस्तकालाही तोच.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. त्या दिवशी तू गेल्यावर मी घरात जाऊन सांगितलं की तू फाटकाशी भेटलीस, तुला कंटाळा आलाय, यापुढे येणार नाहीस. बाबा फक्त बरं म्हणाले. काल सकाळी त्यांनी मला कागद-पेन घेऊन समोर बसवलं. म्हणाले, माझं अक्षर ओळीवर राहत नाही, तू लिही, त्या पोरीला पत्र घालायचंय. आणि सांगू लागले, म्हाताऱ्याच्या हौसेपायी तुझे इतके मंगळवार खाल्ले, तुला नाही म्हणायची चोरी झाली असेल, राग मानू नकोस. मी लिहीत होतो. चूक माझी, माफी बाबांची, आणि अक्षर पुन्हा माझंच. ‘राग मानू नकोस’पाशी हात थांबला. सगळं सांगून टाकलं, फाटकाशी बोललेलंसुद्धा. ते ओरडतील म्हणून अंग चोरून बसलो. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, तो कागद फाड आणि तुझा तू लिही. म्हणून लिहितोय. मंगळवारी ये. मी सातपर्यंत दुकानात असेन, त्याआधी घराकडे फिरकणार नाही. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. फक्त बाबांना एकदा सांग की तुला त्यांचा कंटाळा आला नव्हता. मी सांगून पाहिलं, पण माझ्या शब्दावर आता त्यांचा विश्वास बसत नाही.

अजूनही तुझाच,
आणि अजूनही चिडलेला