हयवदनराव बसत नाहीत

१ डिसेंबर १९५८, सोमवार. सकाळी सहा.
आजपासून लेखक. सहा महिने बिनपगारी रजा. विम्याच्या कचेरीत चौदा वर्षं लोकांच्या मरणाचे फॉर्म भरले. आता लेखणीवर जगायचं.

शनिवारी सुपरिंटेंडेंट हयवदनरावांनी अर्जावर सही केली. म्हणाले, "सुधींद्रराव, तुमची खुर्ची सहा महिने रिकामी ठेवतो. एक जूनला हजर व्हा. त्यापुढचा भरवसा माझ्याकडून धरू नका." बोलताना त्यांचे डोळे पाणावले होते. सर्दी असेल, असं वसुमती म्हणते. बायकोला माणसं कळत नाहीत.

एक जूनला जाईन. पुस्तकाची एक प्रत त्यांना भेट द्यायला.

टाइमटेबल: पहाटे पाच ते नऊ कादंबरी. दहा ते एक कथा. दुपारी किरकोळ, म्हणजे पैशाचं.

२ डिसेंबर. सव्वानऊ.
बसवनगुडीतल्या या थंडीत पहाटे पाचला फक्त दूधवाला उठतो, आणि त्याला कादंबरी लिहायची नसते. टाइमटेबल उद्यापासून.

११ डिसेंबर
कादंबरीची अर्पणपत्रिका पूर्ण. दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावनाही सुचली, ती टिपून ठेवली. आता फक्त मधलं राहिलं.

२ जानेवारी १९५९
पुण्याच्या मासिकाला कथा धाडली. पाकिटात परतीची तिकिटं घालायची नाहीत असं मी ठरवलं होतं. वसुमतीने माझ्या नकळत घातली. अपशकुन.

९ जानेवारी
कथा परत. पाकिटावरचे शिक्के नीट पाहिले. सोमवारी पुण्यात पोचली, मंगळवारी तिथून निघाली. म्हणजे संपादकांनी एका बैठकीत वाचून काढली! असा वाचक हल्ली दुर्मीळ. त्यांना आणखी चार पाठवतो.

२ फेब्रुवारी
चारही परत, एकाच पुडक्यात. माझा टपालखर्च वाचवला. माणूस विचारी आहे.

चिकपेटेतला एक दंतमंजनवाला जाहिरातीसाठी चार ओळी मागत होता. त्याला बेचाळीस दिल्या, दातांच्या क्षणभंगुरतेवर. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "सार, दात पडणारच म्हणून मीच सांगितलं, तर पुडी कोण घेणार?" व्यापाऱ्याला करुणरस कळत नाही. त्याने मंजनाची एक पुडी दिली. बरी आहे.

२१ फेब्रुवारी
वसुमती दुपारभर चटणीपुडी कुटते आणि चामराजपेटेतल्या दोन दुकानांत ठेवते. छंद असावा माणसाला. पण कुटण्याच्या आवाजाने माझी वाक्यं तुटतात. तसं तिला सांगितलं. तिने विचारलं, की जेवताना पानात वाढते त्याचा आवाज होतो का.

उत्तर दिलं नाही. लेखकाने शब्द जपून वापरावेत.

२ मार्च
बळेपेटेतला विठोजी छापखानेवाला आला होता. लग्नसराई तोंडावर आहे, आपल्या लोकांना मराठी मंगलाष्टकं हवीत, लिहून द्या म्हणाला. नवरानवरीची नावं, आईबापांची नावं, आठ कडवी, गुलाबी कागद. मला! कादंबरीकाराला!

स्पष्ट नकार दिला. विठोजी "सरी अण्णा," म्हणजे बरं तर, एवढं म्हणून निघाला.

वसुमतीने त्याला फाटकाशी गाठून परत आणलं.

३ मार्च
विचारांती स्वीकार. जुन्या कवींनाही राजाश्रय होताच. हा लोकाश्रय. शिवाय शार्दूलविक्रीडित माझ्या बोटांवर आहे. आजोबांनी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं वृत्त, ते मरेपर्यंत चुकायचं नाही.

२९ मार्च
चार लग्नं झाली. पैसे आले, वसुमतीने ते डब्यात ठेवले. माझा त्यांच्याशी संबंध नाही.

विठोजीला काव्याचं काही नाही. म्हणतो, "अण्णा, तुम्ही नावं घाला हो. कविता कोण बघतंय? जो तो आपलं नाव आलं का ऐकतो आन् अक्षता टाकतो." अशा माणसाच्या हाती छपाई आहे. भाषेचं कसं व्हायचं!

कादंबरी: पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान पुन्हा लिहिलं.

६ एप्रिल
मोठं काम. शेजारच्या पद्मावतीअक्कांच्या विमलाचं लग्न, २४ मे. अक्का म्हणजे आमच्या हयवदनरावांची सख्खी बहीण. हयवदनराव विमलाचे मामा, तेच तिच्या पाठीशी उभे राहणार. लग्नाचा अर्धा भारही त्यांनीच उचललाय.

अक्कांनी एकतीस नावांची यादी आणली. सगळ्यांत वर हयवदनराव, खाली तांबड्या शाईची रेघ. म्हणाल्या, "सुधींद्रअण्णा, बाकी कोण राहिलं तर मी बघून घेईन. हे नाव राहता नये हां. स्वल्प मोठंच करून घाला."

वसुमती हसली. आठवड्यात पहिल्यांदा. म्हणाली, एक जून जवळ आलाय, देवानेच हे काम पाठवलं, त्यांचं नाव पहिल्याच कडव्यात घाला.

मी म्हटलं, एक जूनशी माझा काय संबंध?

१४ एप्रिल
सुरुवात झकास झाली:

आली ही विमला वधू नटुनिया, कुर्यात् सदा मंगलम्

विमला कशी अलगद बसली! काही नावं जन्मतःच वृत्तात असतात.

२० एप्रिल
संकट. हयवदन बसत नाही.

या वृत्तात तीन लघू अक्षरं सलग चालतात, चौथं नाही. ह, य, व, द, न. पाच! पाचही लघू, एकामागोमाग एक. आईबापांनी नाव ठेवताना एवढा तरी विचार करायचा.

२५ एप्रिल
हयवदन म्हणजे घोड्याचं मुख असलेला विष्णू. म्हणून 'अश्वमुख' घालून पाहिलं. कडवं ठाकठीक झालं. वसुमतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, भरमांडवात सुपरिंटेंडेंटला घोडतोंड्या म्हणणार?"

खोडलं.

२ मे
वसुमतीचं म्हणणं: 'हायवदन' करा. हे नाही जमलं तर नुसतं 'मामा' म्हणा, मामा कुठेही बसतो. तेही नाही तर वृत्त मोडा, कोणाला कळतंय?

कोणाला कळतंय! मला कळतं. पुण्याहून साभार परत आलं तरी चालेल, पण माझ्या ओळीत लंगडा पाय नको. तिला हे तासभर समजावलं. ती मिरच्या निवडत होती.

९ मे
सुचलं! हयवदनरावांचं नाव घालायचंच नाही. सूर्य उगवला असं कोणी मांडवात ओरडून सांगतं का? तीस नावं शब्दांत, आणि एकतिसावं मौनात. सातव्या कडव्यात 'आधार' हा शब्द आहे. रसिक माणसाला तिथे हयवदनराव दिसतीलच. याहून मोठा गौरव आजवर कोणत्याही मामाचा झाला नसेल.

१३ मे
प्रूफ पाहिलं. विठोजीने दोनदा बोट फिरवून विचारलं, "अण्णा, मामा कुठं?" म्हटलं, आहेत, दिसायला नजर लागते. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

पद्मावतीअक्का रस्त्यात भेटल्या, घाईत होत्या. सगळे आले ना म्हणाल्या. मी म्हटलं, ज्यांना यायला हवं ते सगळे. खोटं बोललो नाही.

वसुमतीला दाखवलं नाही. तिला मौन वाचता येत नाही.

२४ मे, रविवार. दुपारी चार.
लग्न झालं. तीनशे गुलाबी कागद वाटले.

हयवदनराव जरीकाठी उपरण्यात, विमलाच्या पाठीशी. पहिल्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले, किंचित हसले. प्रत्येक कडव्याबरोबर मान थोडी पुढे येत होती. पाचव्यात नवऱ्याच्या आत्याच्या दिराचं नाव आलं, तेव्हा हसू जरा आटलं. सातव्यात 'आधार' आला. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. आठवं संपलं, भटजींनी सावधान म्हटलं, वाजंत्री वाजली, लोकांनी अक्षता टाकल्या, तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. भारावून गेले असावेत.

नंतर हातातला गुलाबी कागद त्यांनी उलटून मागची कोरी बाजू पाहिली. मग घडी घालून खिशात ठेवला. जपून ठेवणार!

पंगतीत मी समोरच होतो. माझ्याकडे बघून "सावकाश जेवा," एवढंच म्हणाले.

रात्री.
पद्मावतीअक्का येऊन गेल्या. रडल्या. नाव वृत्तात बसत नव्हतं, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, नवऱ्याच्या आत्याचा दीर बसतो, आणि माझा सख्खा भाऊ बसत नाही? ज्याने लग्न उभं केलं, त्याच्या पुढ्यात त्याच्याच भाचीच्या लग्नात त्यालाच पुसून टाकलं. मी त्यांना लघू आणि गुरू समजावू लागलो. त्या मध्येच उठल्या. विमलाच्या लग्नाचे लाडू आम्हाला आले नाहीत.

वसुमतीने कागद घेऊन दिव्याखाली वाचला. मग मला विचारलं, "एक जूनला कोणता शर्ट इस्त्री करू?"

३० मे
परिस्थितीचा साकल्याने विचार केला. कादंबरीला आणखी वेळ लागेल. तोवर नोकरी करून लिहायला हरकत नाही. अनेक थोर लोकांनी केली. सोमवारी हजर होतो. हयवदनराव मला पाहून हसतील, एवढंच.

१ जून, सोमवार
हसले नाहीत. कॉफी मागवली.

माझ्या खुर्चीवर त्रिविक्रम नावाचा नवा टायपिस्ट. दोन्ही हातांनी टाइप करतो, मान वर करत नाही.

हयवदनराव अतिशय शांतपणे बोलले. "सुधींद्रराव, तुमचं नाव यादीत बसवायचा फार प्रयत्न केला. पहिल्या ओळीत बघितलं, शेवटच्या ओळीत बघितलं. बसेना. आता नियम मोडून बसवा, असं तुमच्यासारखा माणूस तर म्हणणार नाही."

मी म्हटलं, नाही, तसं कसं म्हणेन.

"सरी," म्हणाले, आणि दुसरी फाइल ओढली. कॉफी चांगली होती.

तत्त्वाचा माणूस. आम्ही दोघे एकाच मुशीतले.

१ जून. रात्री.
वरचं शेवटचं वाक्य वसुमतीला वाचून दाखवणार होतो. दाखवलं नाही. तिने इस्त्रीचा शर्ट उतरवून घेतला, घडी केली आणि पेटीत तळाशी ठेवला.

१७ ऑगस्ट
विठोजीच्या छापखान्यात जातो. साहित्यविषयक सल्लागार म्हणून. सकाळी नऊ ते सहा. प्रूफं तपासतो: पावत्या, हँडबिलं, औषधांची लेबलं. मंगलाष्टकं आता कोणी माझ्याकडून लिहून घेत नाही. कुणीतरी पेटेभर सांगितलंय, की तो माणसं गाळतो.

वसुमतीची चटणीपुडी सहा दुकानांत गेली. लेबल विठोजीकडेच छापलं. मजकूर तिचाच: 'घरची चटणीपुडी. तिखट.' दोन ओळी, एक विशेषण. मी काही बदल सुचवले होते.

९ नोव्हेंबर
हयवदनरावांची साठीशांत येत्या बावीसला. पद्मावतीअक्कांना गुलाबी कागद हवाय. विठोजीला दुसरा कोणी मिळाला नाही. म्हणाला, "अण्णा, एकच अट. आठ कडवी, आठी कडव्यांत नाव. मी मोजून घेणार."

नाही म्हणणार होतो. वसुमतीने सांगितलं, कचेरीत जानेवारीत एक जागा निघणार आहे. तिला दुकानात कळलं. एवढंच सांगितलं. पेटीतला शर्ट मात्र दोरीवर वाळत होता.

१२ नोव्हेंबर
लिहून झालं. वीस मिनिटं लागली.

बंधू हे हयवदनराव अमुचे, कुर्यात् सदा मंगलम्

आठ वेळा. आठी वेळा ओळीचा कणा मोडला. आजोबांचा फोटो भिंतीकडे फिरवला होता, आता परत सरळ केला.

२२ नोव्हेंबर, रविवार
भटजींनी नेहमीच्याच चालीवर म्हटलं. जिथे अक्षरं जास्त होती तिथे गिळली, कमी होती तिथे ताणली. मी डोळे मिटून बसलो होतो, आता कोणीतरी थांबवेल म्हणून. तीनशे माणसं होती. दोन संस्कृत पंडित होते. कोणी थांबवलं नाही. अक्षता पडल्या.

हयवदनरावांनी मला स्वतः बोलावून नारळ दिला. हात हातात धरला. म्हणाले, "बघा. बसलं की नाही?"

मी जानेवारीतल्या जागेचं विचारलं.

"ती होय? ती त्रिविक्रमच्या भावाला दिली हो, मागच्याच आठवड्यात. चांगला पोरगा आहे. तुम्ही मात्र लिहीत राहा. हात आहे तुम्हाला."

घरी आलो. वसुमतीने नारळ घेतला, आणि उद्याच्या चटणीसाठी फोडला.

कागद काढून बसलो. मोडलेली ओळ नक्की कुठे मोडते ते पाहू म्हटलं. मोठ्याने म्हणून पाहिली. पुन्हा म्हणून पाहिली, भटजींच्या चालीत.

कुठेच खटकेना.