ताइस्तोचा तिसरा निरोप

सेइनायोकी,
१४ मार्च

प्रिय आउती,

हे 'प्रिय' पत्राच्या डोक्यावर घालायची पद्धत आहे म्हणून घातलंय. त्यात फार काही शोधू नकोस.

तू बरी असशीलच. इथे आम्ही ठीक. बर्फ वितळतंय, अंगणात घोट्यापर्यंत चिखल आहे, आणि बाबा शनिवारच्या कार्यक्रमापासून कुणाशी धड बोलत नाहीयेत, त्यामुळे घरात बऱ्याच वर्षांनी शांतता आहे.

सोबत फोटो आहेत. दिव्यांची आखणी करणारीला छापील फोटो द्यायचे असं ठरलं होतं म्हणून देतेय, नाहीतर पाकीटही वाया घातलं नसतं. फोनवर पाठवले नाहीत, कारण तेवढ्याशा काचेवर सगळ्यांचंच काम चांगलं दिसतं. कागदावर बघ. तू काय करून ठेवलंयस ते कळेल.

पहिला फोटो सुरुवातीच्या गाण्याचा. त्यात उकडलेलं बीट दिसतंय ते आपले वडील. समोरून नुसता लाल उजेड टाकला की कॅमेऱ्याच्या हाती दुसरं काही लागत नाही. नाक, गाल, सुरकुत्या सगळं एका रंगात विरघळतं. हे फोटो काढणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळतं. तुम्हा ताम्पेरेच्या नाटकवाल्यांना बहुधा शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्या फोटोत तेच वडील जांभळे आहेत, तळ्यातून दोन दिवसांनी बाहेर काढल्यासारखे. तिसऱ्यात धूर आहे. धुरात कुठेतरी तेही असावेत. उजेडाचे झोत हवेत दिसावेत म्हणून धूर सोडतात हे मलाही ठाऊक आहे, पण झोतांमागे माणूस दिसायला हवा की नको? पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या रुमालात खोकत होत्या आणि तू मागे आपल्या टेबलाशी बटणं दाबत बसली होतीस.

तालमीत मी तुला चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. चेहऱ्यावर समोरून, जरा वरून, थोडा एका बाजूनं साधा उजेड ठेव आणि तुझे रंग मागे पडद्यावर हवे तेवढे उधळ. तू म्हणालीस, मी माणसांच्या डोळ्यांसाठी दिवे लावते, मासिकांसाठी नाही. वर असंही म्हणालीस की इतकी वर्षं तू बाबांचा एकच फोटो पुन्हा पुन्हा काढतेयस, तो काय दिव्यांमुळे? हे तू सगळ्या वादकांसमोर बोललीस. ड्रमवाला हसला.

माझ्या फोटोंबद्दल बोलायचा तुला काडीचा अधिकार नाही. बाबांचा गातानाचा फोटो काढणं म्हणजे काय, हे तुला कुठून कळणार? सूर लागलेला असतो तेव्हा त्यांचा जबडा असा उघडतो की दातांच्या डॉक्टरनंही तोंड फिरवावं. म्हणून सूर संपून ओठ मिटायला लागतात तेव्हा बटण दाबायचं. माइक तोंडावर येतो म्हणून समोर नाही, बाजूला उभं राहायचं. मागचा काळा पडदा कॅमेऱ्याला फसवतो आणि कॅमेरा चेहरा पांढराफटक करून ठेवतो, म्हणून त्याचं न ऐकता चेहऱ्यापुरता अंदाज आपण बांधायचा. आणि गाणी पाठ हवीत. दिवा बदलल्यावर बोट हललं तर उशीर झालेला असतो. मी सतराव्या वर्षापासून हे करतेय. त्यातून निघालं काय? रेकॉर्डची पाकिटं, पोस्टरं, आणि एका सॉसेजच्या कारखान्याचं कॅलेंडर. प्रत्येक फोटोत बाबा देखणे आहेत. एवढं खोटं बोलायला फार मेहनत लागते.

आणि हे सगळं कशासाठी? निरोपाच्या कार्यक्रमासाठी. हा बाबांचा तिसरा, पोस्टरवर 'ताइस्तोचा तिसरा निरोप' असा छापलेला. पहिला गुडघ्यांमुळे होता. दुसरा, पहिल्याला गर्दी झाली म्हणून. तिसऱ्यासाठी काहीतरी नवं हवं होतं, तेव्हा त्यांना अचानक तू आठवलीस. थोरली मुलगी दिवे लावणार, धाकटी फोटो काढणार. वर्तमानपत्रवाल्यांना असलं काही मिळालं की ते स्वतःच गहिवरतात. तुझ्या आईच्या अंत्यविधीला ज्या माणसानं कुणी न सांगता टँगोची दोन गाणी म्हटली, त्यानं बोलावल्याबरोबर तू आलीस. मला तुझी कीव आली. म्हटलं, हिलाही त्याच्या सावलीत जागा हवीय.

बाबांनी तुला एकच सूचना दिली होती. पांढरा झोत पूर्ण वेळ माझ्यावर, आणि माझ्यामागे अंधार. तू मान हलवलीस. आमच्याकडे मान हलवण्याचा अर्थ 'हो' असाच असतो असं नाही, हे त्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षीही कळलेलं नाही.

तो मागचा अंधार तुला नवा होता, म्हणून सांगते. त्या अंधारात माझी आई बसते. बाबा तुझ्या आईला आणि तुला सोडून निघाले ते बँडमधल्या अकॉर्डियनवालीबरोबर, हे तुला मी सांगायला नको. पण नंतरचं तुला माहीत नसेल. सुरुवातीला नाचमंडपांमध्ये बायका आईकडे बोट दाखवायच्या. एकीनं तर कॉफी तिच्या बुटांवर ओतली होती. बाबांनी त्यावर उपाय काढला. आईची खुर्ची मागे, डावीकडे, दिव्यांच्या बाहेर नेली. इर्या दिसली की लोकांना माझं गाणं ऐकू येत नाही, माझं लग्न आठवतं, असं त्यांचं म्हणणं. मग लोक विसरले, कॉफी ओतणारी बाई मेली, पण खुर्ची तिथेच राहिली. आईनं पुढे येऊ का असं कधी विचारलं नाही, आणि त्यांनी ये म्हटलं नाही. माझ्याकडे बाबांचे हजारो फोटो आहेत. त्यांच्या खांद्यामागे एक काळा डाग असतो आणि डागातून कधी कोपर बाहेर येतं, कधी बुटाचं टोक. तीच माझी आई. वाजवताना तिचा चेहरा कसा दिसतो याचा विचार करणंसुद्धा मी सोडून दिलं होतं.

तर आता चौथ्या फोटोबद्दल. तो मी सगळ्यात खाली ठेवलाय.

मध्यंतरानंतर बाबांचा तो ठरलेला टँगो, ज्याच्यासाठी लोक येतात. आधी अकॉर्डियनची छोटी सुरावट, मग बाबा, मग टाळ्या. मी कॅमेरा या गाण्याला तरी मिळेल अशा त्यांच्या पांढऱ्या झोताप्रमाणे लावून उजव्या बाजूला उभी होते. आईनं सुरावट सुरू केली आणि तू सगळे दिवे विझवलेस. मला वाटलं, केलास घोटाळा. मनातल्या मनात तुला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही, पोस्टमन भला माणूस आहे.

मग डावीकडे उजेड यायला लागला. इतका हळू की आधी तो आहे असंच कळेना. तुझ्या त्या थंडगार आधुनिक दिव्यांपैकी नव्हता तो. जुना तारेचा बल्ब, तांबूस. समोरून, जरा वरून, थोडा एका बाजूनं. मागून एक अगदी मंद, केस काळ्या पडद्यापासून सुटे दिसावेत एवढाच. म्हणजे तालमीत मी मागितला होता, अगदी तसाच उजेड. फक्त तू तो भलत्याच माणसावर पाडलास.

आईला आधी कळलंच नाही. मग तिनं मान वर केली. तिनं थांबावं आणि बाबांनी सुरू करावं, ती जागा आली. बाबांनी अंधारात श्वास घेतलेला मला ऐकू आला. आई थांबली नाही. तिनं सुरावट पुन्हा घेतली, आणि तिच्यातून सरळ गाण्यात शिरली. गाण्याचा एकेक भाग ती वाजवत गेली. अकॉर्डियनचा भाता उघडताना तिचा डावा खांदा वर जातो, मिटताना हनुवटी खाली येते, आणि दोहोंच्या मध्ये ती क्षणभर एकदम स्वस्थ असते. मी तिला जन्मापासून ओळखते आणि मला हे माहीत नव्हतं. हातांनी कॅमेऱ्याची गणितं आपोआप बदलली. पुष्कळ फोटो काढले, पण त्या स्वस्थ क्षणाचा एकच लागला. तो हा.

गाणं आईनं संपवलं. बाबा एक शब्दही न गाता अंधारात उभे होते. मग लोक उभे राहिले. आपल्याकडचे लोक उभे राहिले म्हणजे एकतर राष्ट्रगीत असतं नाहीतर बस आलेली असते.

नंतरचं तुला ठाऊक आहे. बाबांनी आधी बल्ब जळाला असं जाहीर केलं, मग तंत्रज्ञ प्यायलेला होता असं, आणि शेवटी तुझ्याकडे वळले. तू म्हणालीस, बिघाड नव्हता, मी लावला. आणि वायरी गोळा करायला गेलीस. मी तुझ्यामागे गाडीपर्यंत आले ते तुझे आभार मानायला नव्हे. तुला मी म्हणाले ते आजही अर्धंअधिक खरं वाटतं:

"तुला बाबांचा सूड घ्यायचा होता तर स्वतः घ्यायचास. त्यासाठी माझ्या आईला का वापरलंस?"

तू वायर गुंडाळत राहिलीस. मग म्हणालीस,

"मी नऊ वर्षांची होते. बाबा गायचे तेव्हा मी मंडपाबाहेर कठड्याला पाठ टेकून नुसतं ऐकत बसायचे. त्यानंतर घर मोडलं. ते जिनं मोडलं तिच्या अकॉर्डियनचा आवाज मला पाठ होता, पण ती वाजवताना मला कधी दिसलीच नाही, मिर्वा. मला एकदा तिला बघायचं होतं."

मी विचारलं, "मग? दिसली?"

"चांगली वाजवते," एवढंच म्हणालीस आणि गाडीचं दार लावलंस.

आउती, मला तुझा संताप येतो. तुला जे एका संध्याकाळी सुचलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, याचा येतो. मी रोज त्या अंधाराकडे भिंग रोखून उभी राहायचे आणि 'उजेड नाही' असं म्हणायचे, जणू उजेड हवामानासारखा वरून येतो. खुर्ची चार हात पुढे ओढा, एवढं म्हणणारी एकही व्यक्ती आमच्या घरात नव्हती. तुझ्या आईच्या घरात होती, तू. आणि तुला तर माझ्या आईला कायम अंधारात ठेवायचा हक्क होता.

आता घरची बातमी. रविवारी सकाळी बाबांनी वर्तमानपत्राला फोन करायचं काढलं, तांत्रिक बिघाड होता असं छापा म्हणून. आई राय धान्याचा पाव कापत होती. ती म्हणाली, बिघाड नव्हता. बाबांनी विचारलं, मग तू थांबली का नाहीस? आई म्हणाली, "मला माझे हात दिसत होते. ते काय करतात ते बघत बसले." बाबा उठून सौनाच्या वाफेच्या खोलीत गेले आणि इतका वेळ बाहेर आले नाहीत की मी दार वाजवून बघितलं. आतून त्यांनी चौथ्या निरोपाची घोषणा केली.

त्याच दुपारी तळ्याकाठच्या नाचमंडपाच्या मालकाचा फोन आला. बाबांनी उचलला, आपली नेहमीची पांढऱ्या झोताची अट सांगायला सुरुवात केली, आणि मधेच फोन आईकडे दिला. मालकाला ती हवी होती. एकटी, गायकाशिवाय. त्यानं जूनमधल्या उन्हाळी सणाची रात्र देऊ केली, वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. आई नाही म्हणाली. त्या रात्री आपल्याकडे अंधारच पडत नाही, मग दिवा लावून उपयोग काय, असं म्हणाली. मग ऑगस्टचा शेवटचा शनिवार ठरला. आणि फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, राइलीची मुलगी येईल का?

तुझ्या आईचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. आईनं ते पाव मागावा तसं घेतलं. बाबा तिथेच उभे होते.

मी आईला सांगितलं की ताम्पेरेची माणसं महागडी आणि उद्धट असतात, धूर सोडतात आणि सल्ला ऐकत नाहीत. ती म्हणाली, लिहून तर बघ. म्हणून हे पत्र. नाहीतर मी तुला लिहिलं नसतं हे तुलाही माहीत आहे.

मंडप जुना आहे. मधल्या तुळईवर फार वजन चालणार नाही, दिवे बाजूच्या खांबांवर लावावे लागतील. धूर आणलास तर तळ्यात फेकून देईन. राहायला आमच्याकडे ये. बाबांची काळजी करू नकोस, ते त्या दिवशी आजारी पडणार आहेत.

आईचा निरोप असा: चेहऱ्यावर कमी असला तरी चालेल, हातांवर असू दे.

माझं तसं नाही. चेहऱ्यावर भरपूर पाड. मी समोरच उभी असेन.

इर्याची मुलगी,
मिर्वा