पिशवीतला पालक

आई,

तुम्ही बाजारात गेल्या अन् तुमचा फोन घरीच राह्यला, म्हणून ही चिठ्ठी. बाबांचा डावा पाय पोटरीपासून सुजला आहे. डॉक्टरांले फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं, आम्ही गाडी करून वर्ध्याले निघालो. यांना फोन केला, ते आर्वीहून थेट दवाखान्यात येतील. छकुली शेजारच्या शकुबाईंकडे झोपली आहे. उठून रडली तर माझी ओढणी तिच्याजवळ ठेवजा, मग थांबते.

डॉक्टरांनी फोनवरच विचारलं, खाण्यात काय बदललं? मी म्हटलं, थंडी सुरू झाल्यापासून दोन्ही वेळ पालक. रक्त वाढते म्हणून तुम्ही जीव लावून केला, मीही ताटात वाढत गेली. पण बाबांची रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ना, पालकातलं व्हिटॅमिन के तिचा जोर कमी करते म्हणे. पायात रक्ताची गाठ झाली का, ते तपासल्यावर कळेल.

'माझ्याच हातानं झालं' असं म्हणत तुम्ही रडत बसू नका. आपल्याले हे कोणी सांगितलंच नव्हतं. भाजी एकदम बंदही करायची नाई, नाईतर तीच गोळी जास्त लागू पडते. रोज सारखीच, थोडी द्यायची.

ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला. बाबा गाडीतूनच सांगून राह्यले, "तुह्या सासूले लिहून ठेव, आणलेला पालक रागानं फेकू नको म्हणाव. माह्यासाठी वाटीभर ठेवजो, मी येतो जेवाले."

काजल