फर्गसच्या लग्नात मी केलेलं अचूक भाषांतर

४ मार्च, बॉन.
आजपासून रोज दहा शब्द. जर्मन राजकीय आणि कायदेशीर शब्दांचा माझा इंग्रजी कोश नाताळच्या आत छापायला जाणार. प्रकाशकाने करार मोडला, ती त्याची अदूरदृष्टी. त्यामुळे मी बेकार झालो नाही, मोकळा झालो.
पहिला शब्द: रेश्टश्टाट. सगळे डोळे झाकून ‘रूल ऑफ लॉ’ लिहितात. अहो, पण आमच्याकडे खुद्द सरकारच कायद्याने बांधलेलं असतं, ते त्यात कुठे आलं? आळशी लेकाचे.

९ मार्च.
अजून रेश्टश्टाट. घाई करणारे भाषांतरकार वेगळे.
दुपारी हानेलोरेताई आली. भाची वीब्केचं लग्न ठरलं. मे महिन्यात, इथल्याच नोंदणी कार्यालयात. मुलगा फर्गस, स्कॉटलंडचा, ऱ्हाइनवरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. ताई म्हणाली, दुभाषा तूच हो ओटमार, नाहीतरी घरात बसून काय करतोस? शेवटचं वाक्य कौतुकानेच म्हणाली असावी.
लगेच होकार दिला नाही. आधी कॅलेंडर बघितलं. कोरं होतं. मग दिला.

२२ मार्च.
फर्गसला कॉफीला बोलावलं. माझ्याशी इंग्रजीतच बोलतो. इंजिनवाला माणूस, त्याला जर्मन कुठून येणार!
म्हटलं, लग्नाआधी कायदा समजून घे. आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता ज्याची त्याच्याकडेच राहते. घटस्फोट झाला, की संसारात कुणाचं किती वाढलं याचा हिशोब होऊन वाटणी होते. याला जर्मनमध्ये एकच झकास शब्द आहे, त्सुगेविनगेमाइनशाफ्ट. इंग्रजीत सगळे ‘कम्युनिटी ऑफ अक्रूड गेन्स’ म्हणतात. जसं काही जोडप्याने भागीदारीत दुकान काढलंय!
घटस्फोटाचा तक्ताही काढून दिला. फर्गस म्हणाला, मामा, आधी लग्न तर होऊ द्या. विनोदी मुलगा आहे.

६ एप्रिल.
वीब्केचा फोन. आवाज चढलेला. म्हणाली, मामा, तू त्याला सांगितलंस तरी काय? तो विचारतोय, तुझ्या घरच्यांना आपल्या घटस्फोटाची एवढी खात्री का आहे? मी शांतपणे सांगितलं, नेमकेपणा पचायला वेळ लागतो.
फोन तुटला. रेंज गेली असणार.

१९ एप्रिल.
कोश तात्पुरता बाजूला. (रेश्टश्टाट जवळजवळ झालाच आहे.) निश्चय: लग्नाच्या दिवशी एकही शब्द सैल सोडायचा नाही. नोंदणी अधिकारी विचारणार, स्वेच्छेने विवाह करायचा आहे का? याचं ‘डू यू वॉन्ट टू मॅरी हर’ कुणीही करेल. विवाह हा करार आहे, त्यात इच्छेची अधिकृत अभिव्यक्ती आहे, परस्पर जबाबदारी आहे. ते सगळं नको यायला?

११ मे.
वाक्य तयार. अर्धं पान झालं. पोटकलमं सुरेख बसली. आरशासमोर म्हणून बघितलं. मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो.

१६ मे. लग्न.
नोंदणी अधिकारी येशोनेकबाई. त्यांनी फर्गसला प्रश्न विचारला, एका ओळीत. यांना काय, सरकारी नोकरी. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि माझं वाक्य पूर्ण म्हटलं. सभागृह स्तब्ध. परिणाम झालाच होता.
फर्गसला घाम फुटला. त्याने हळूच इंग्रजीत विचारलं, याचं उत्तर हो-नाहीत द्यायचंय का? मी म्हटलं, तत्त्वतः हो, पण दुसऱ्या पोटकलमाच्या अधीन राहून. वीब्के पांढरीफटक.
येशोनेकबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नवऱ्यामुलाला प्रश्न कळल्याची खात्री पटल्याशिवाय मला हे लग्न लावता येणार नाही. ताईने माझा कोट मागून ओढला. मी म्हटलं, थांब, तळटीपेसकट पुन्हा सांगतो.
तेवढ्यात फर्गस बोलला. जर्मनमध्ये. तीही खास आमच्या ऱ्हाइनकाठची, बोटीवरच्या कामगारांसारखी. म्हणाला, “बाई, तुमचा प्रश्न मला पहिल्यांदाच कळला होता. मामांचं इंग्रजी तेवढं झेपेना. हो, मला हिच्याशीच लग्न करायचंय.”
सगळे हसले. ताई हसता हसता रडायला लागली. मी बसलो. उभं राहण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

१७ मे.
ताई उरलेलं बटाट्याचं सॅलड घेऊन आली. मी जाब विचारला, त्याला एवढी जर्मन येते, तर मला दुभाषा कशाला केलं? ती भांडी विसळत बसली. मग म्हणाली, येशोनेकबाईंनी मार्चमध्येच त्याच्याशी बोलून सांगितलं होतं, दुभाषा नको. पण फर्गसच हटून बसला. म्हणाला, करार गेल्यापासून मामा कुणाशी बोलत नाहीत, त्यांना काहीतरी काम देऊ या. इंग्रजीत बोललं की खुलतात.
म्हणजे त्या दिवशी कॉफी पीत बसला होता, तो माझ्यासाठी.
मी विचारलं, मग मालमत्तेचं मी समजावलेलं तरी त्याला पटलं का?
ताई म्हणाली, ओटमार, खा.
खाल्लं.