नाल्याअलीकडचं गवत

९ फेब्रुवारी १९९१, पारोळा

उद्या जळगावचं निसर्गमंडळ येणार! अध्यक्ष शालिग्राम सर, त्यांच्या सौभाग्यवती बेबाबाई आणि टेम्पोभर हौशी मंडळी. "मॅडम, तुमच्याकडचे शिकारी पक्षी दाखवा. संध्याकाळी दिव्यावर येणाऱ्या पतंगांची नोंद करू." दाखवते तर! लोटनभाऊंच्या माळावर, उंच गवतात, रोज सांजेला थंडीपुरते आलेले भोवत्या पक्षी झोपायला उतरतात. यंदाच सापडले, आणि मला सापडले. ही जत्रा तिथे नेली तर एक पक्षी टिकायचा नाही. नाल्यापलीकडे द्रौपदाअक्कांचं गवत आहे, तिथे नेते. तिथे काही नाही.

१० फेब्रुवारी

काय एकेक ध्यान! घार दिसली की सर ओरडतात, "गरुड, गरुड!" दुर्बीण गळ्यात, डोळे भरताच्या डब्यावर. अंधार पडताच पांढरी चादर टांगून गॅसबत्ती लावली. दुपारी त्याच चादरीवर जेवलेले — हळदीचे डाग! त्यातला एक डाग सरांनी पतंग म्हणून नोंदवला.

आणि बेबाबाई? एकदा तरी वर बघावं ना! द्रौपदाअक्कांना घेऊन बांधावर बसल्या आणि अहिराणीत तासभर चऱ्हाट लावलं. सून, लेक, कळण्याची भाकरी. मधेच, "पाखरेसनं घर शे ते, अक्का!" घर म्हणे! एक पाखरू नव्हतं तिथे. मला हसू आवरेना.

१३ फेब्रुवारी

माझे पक्षी सगळे खुशाल. वाटेत लोटनभाऊ भेटले, "काय मॅडम, रोज इकडे?" म्हटलं, फिरायला येते. यांना सांगितलं की गावभर होणार!

२१ फेब्रुवारी

माळ पेटवला! नवं गवत फुटावं म्हणून दरवर्षी पेटवतात, पण होळी झाल्यावर. यंदा आधीच. सगळं काळं, अजून धुमसतंय. लोटनभाऊंवर नको तेवढी ओरडले — अडाणी म्हणाले, काय काय म्हणाले. ते एवढंच म्हणाले, "माले कोनी सांगंच नही, मॅडम."

घरी येऊन रडले. आता कुठे उतरतील ते?

२२ फेब्रुवारी

सांजेला गेलेच. भोवत्या पक्षी काळ्या माळावर दोन घिरट्या घालून नाल्यापलीकडे उतरले — सगळे! तेवढंच गवत उभं आहे. द्रौपदाअक्का बांधावर होत्या. म्हणाल्या, "बेबाबाईनी सांगं — पाखरे जाऊ दे, मंग पेटाड."